पिंजऱ्यात केलेला नमस्कार

लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, आणि एकदा तर दाढ काढताना खुद्द डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, "ती कुस्ती खरी असते का हो?" तोंडात चिमटा असताना माणूस काय कपाळ उत्तर देणार? आता संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर एकदाचं सगळं सांगून टाकतो. यापुढे पंगतीत कुणी विचारलं की त्याच्या हातात अंक ठेवीन आणि निवांत जिलबी खाईन.

माझं नाव बाळकृष्ण, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. देवळाली गावात मी बाळू. बाविसाव्या वर्षी ज्युदोचा राष्ट्रीय विजेता झालो, पंचविसाव्या वर्षी डोळ्यांत काजळ घालून जपानी राक्षस झालो, आणि अडतिसाव्या वर्षी तारेच्या पिंजऱ्यात नाक फोडून घेतलं. यातलं शेवटचं सांगण्यासाठीच हा लेख आहे, पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

ज्युदो म्हणजे काय, ते आमच्या आत्याला अजून कळलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. दोघांनी जाड सुती डगले घालायचे, एकमेकांची कॉलर नि बाही धरायची आणि समोरच्याला पाठीवर पाडायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर जमिनीवर दाबून धरायचं, नाहीतर हाताला असा पेच टाकायचा की कोपर उलटं फिरू लागतं. मग तो काय करतो? पंज्यानं दोनदा आपटतो, मॅटवर किंवा तुमच्याच अंगावर. याला टॅप म्हणतात. टॅप म्हणजे "हरलो बाबा, सोड." आणि सोडायचं म्हणजे त्याच क्षणी सोडायचं. तुम्ही विचार करत बसलात, तर समोरच्याचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये जातो.

हे मला शिकवलं देवळाली कॅम्पातल्या हवालदार सरांनी. तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस, एका कानानं बहिरा. एका शेडमध्ये पोत्यांत भाताचा तूस भरून, वर ताडपत्री ताणून त्यांनी मॅट बनवली होती. पावसाळ्यात तिला असा वास यायचा की मुलं पडायच्या आधी श्वास धरायची. एकदा सरावात एकानं टॅप केल्यावर मी उगाच मस्तीत डोळ्याचं पातं लवेल इतकंच जास्त धरलं. सरांनी मला बाजूला घेतलं. "बाळू, सामनेवाला भरोसे पे अपना हाथ देता है. साबूत वापस करना." आणि मग दोन तास माझ्याकडून फक्त हात सोडण्याचा सराव करून घेतला. ती सवय इतकी अंगात मुरली की बसमध्ये शेजारच्यानं मांडीवर दोनदा हात मारला, तरी मी आधी अंग सैल सोडायचो आणि मग बघायचो कोण आहे ते.

राष्ट्रीय सुवर्णपदक मिळालं तेव्हा माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात मला सात वेळा कराटेपटू म्हटलं. खेळाडू म्हणून नोकरी मिळेल या आशेवर तीन वर्षं अर्ज केले, त्यातल्या दोन अर्जांना पोचपावती आली.

त्या सुमारास बत्रा नावाचे एक गृहस्थ गावोगाव फ्रीस्टाइल कुस्तीचे खेळ लावायचे. रिंग ट्रकमध्ये, पैलवान टेम्पोत आणि स्वतः बत्रा फियाटमध्ये. त्यांनी मला एका स्पर्धेत पाहिलं आणि विचारलं, "ये जो तू आदमी को हवा में घुमाता है, रोज घुमा सकता है?" मी म्हटलं, "रोज दोनदा." मला वाटलं, ज्युदोपटू म्हणून घेताहेत. पोस्टर पाहिलं तर त्यावर लिहिलेलं, "टोकियोचा शैतान."

"साहेब, मी देवळालीचा आहे."

"देवलाली का शैतान? टिकट कौन लेगा?"

मग काजळ आलं, लाल झगा आला, आणि रिंगमध्ये जपानीत ओरडायचं ठरलं. मला जपानी येत होतं ते फक्त ज्युदोच्या सरावातल्या आकड्यांपुरतं. मी दात-ओठ खात एक ते दहा म्हणायचो आणि लोकांना वाटायचं मी आई-बहिणीवरून शिव्या देतोय. जळगावात एका म्हाताऱ्यानं तर उत्तरादाखल मला चप्पल फेकून मारली. मी फक्त सातपर्यंत आलो होतो.

आता खरं-खोटं. निकाल दुपारी चहा पिताना ठरायचा, हे खरं. पण पडणं ठरवून हलकं करता येत नाही. फळ्यांवर बोटभर फोम आणि वर कॅनव्हास. उंचावरून पाठ आपटते ती आपटतेच, तिला कुणी सांगितलेलं नसतं की हा खेळ आहे म्हणून. आणि समोरचा पैलवान शत्रू नसतो, जोडीदार असतो. तो आपली मान तुमच्या हातात देतो. ज्युदोत फेकताना शेवटच्या क्षणी समोरच्याचा हात वर खेचून धरतात, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. मी तिथंही तेच करायचो. त्यामुळे कंपनीत माझ्याकडून मार खायला रांग लागायची. पैलवान बत्रांना सांगायचे, "उस्ताद, आज मेरे को जपानी के साथ डालो, कमर में दर्द है." हे ऐकलं की मला सुवर्णपदकाच्या वेळी झाला नव्हता एवढा आनंद व्हायचा, आता हसा खुशाल.

नाशिकला खेळ लागला तेव्हा मात्र मी घाबरलो. बत्रांकडून मुखवटा मागून घेतला. घरी फक्त बायकोला, शोभाला, ठाऊक होतं. आणि नेमकी त्या दिवशी दिंडोरीहून आमची आत्या द्राक्षछाटणीच्या बायका ट्रॅक्टरमध्ये भरून खेळ बघायला आली. मी झगा फडकावत रिंगमध्ये चढलो, चार पावलं टाकली, तोच दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "अगं बया, ह्यो तर आपला बाळ्या हाय! चालतोय बघ, बापावानी फेंगडा!"

सगळा तंबू हसला. त्या दिवशी मी हरायचं ठरलं होतं. समोरच्या पैलवानानं मला डोक्यावर उचललं तशी आत्या पदर खोचून थेट दोरांपाशी आली. "ए मुडद्या, ठेव त्याला खाली! मागल्या सालीच लगीन झालंय त्याचं!" तो बिचारा पंजाबचा. शब्द कळला नसेल, पण सूर कळला. त्यानं मला अलगद खाली ठेवलं आणि घाबरून स्वतःच आडवा झाला. असा मी नाशिकमध्ये जिंकलो. माझं बिंगही तिथंच फुटलं.

हसून झालं असेल तर एक गोष्ट सांगतो, ती हसण्याची नाही. कंपनीच्या त्या आठ वर्षांत मी एकदाही कॅम्पात सरांकडे गेलो नाही. काजळ घालणारा चेला कोणत्या तोंडानं जाणार? सर गेल्याचं मला दौऱ्यावर, पंधरा दिवसांनी कळलं. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते. थट्टेवारी नेऊन पाहिलं, पण ती जात नाही.

पुढे केबलवर परदेशी कुस्त्या चोवीस तास दिसू लागल्या आणि बत्रांचा तंबू ओस पडला. मी घरी आलो. नाशिक रोडला एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवरचा हॉल भाड्यानं घेतला, मॅट टाकल्या, दारावर पाटी लावली, "ज्युदो प्रशिक्षण वर्ग." वाटलं, राष्ट्रीय विजेता आहे, मुलांची रीघ लागेल. पहिल्या महिन्यात सहा मुलं आली. त्यातली दोन हॉलच्या मालकाची, ती फुकट.

आया यायच्या, खुर्चीत बसायच्या, माझ्याकडे निरखून पाहायच्या. "सर, तुम्हीच ना ते जपानी?" मग हळूच, "पण ते सगळं खोटं असतं ना?" मी पदक दाखवायचो. पदकाकडे कोण बघतंय? समोरच्या गल्लीत कराटेचे सर होते, ते दर रविवारी डोक्यानं कौलं फोडायचे. कौल फुटलेलं दिसतं हो. आमचा ज्युदो नीट झाला, तर काहीच फुटत नाही. चार-पाच वर्षांत मुलं वाढायची सोडून कमी झाली. शोभा एक दिवस म्हणाली, "अहो, लोकांना एकदा तरी खरं काहीतरी दाखवा. नाहीतर पाटी काढून ठेवू, निदान गंज तरी लागणार नाही."

तशी संधी आली. मिक्स्ड मार्शल आर्ट्स नावाचं नवं खूळ तेव्हा नुकतंच आपल्याकडे पोचलं होतं. ठोसे, लाथा, फेकणं, पेच, सगळं चालतं. तारेच्या पिंजऱ्यात दोघं, दार बंद. निकाल आधी ठरत नाही. एका हौशी आयोजकानं गंगापूर रोडला एका लॉन्सवर अशा लढती ठेवल्या आणि मला विचारलं. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. वय अडतीस, गुडघे बावन्नचे. पण एकदाच, उघड्यावर, सगळ्यांसमोर खरी लढत जिंकायची आणि वर्ग वाचवायचा, एवढंच डोक्यात होतं. मला पास मिळाले ते सगळे मी पालकांत वाटले. कराटेच्या सरांनाही एक दिला.

ज्युदोत ठोसा नसतो, त्यामुळे मार खायची मला सवय नव्हती. शोभानं ती लावायचं मनावर घेतलं. महिनाभर रोज संध्याकाळी ग्लोव्ह्ज घालून तिनं मला वीस मिनिटं बडवलं. ती अजून म्हणते, आमच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा महिना होता.

लॉन्सवर आदल्या दिवशी रिसेप्शन झालेलं. पिंजरा द्राक्षबागांचे मांडव उभे करणाऱ्या फॅब्रिकेटरनं बनवला होता, त्यामुळे भक्कम होता, पण मागचा फुलांचा पडदा कुणी काढलाच नव्हता. वर थर्माकोलची अक्षरं तशीच, "प्रसाद आणि स्नेहल." त्याखाली आम्ही एकमेकांना मारणार होतो. माझ्यासमोर सटाण्याचा रघुनाथ होता, पोस्टरवर "बागलाणचा बिबट्या." माझ्याहून दहा वर्षांनी लहान, डाळिंबाच्या गाड्या चालवणारा, खांदे दाराएवढे. रेफ्री मुंबईचे. त्यांनी आम्हा दोघांना नियम सांगितले आणि शेवटी बजावलं, "मी अंगाला हात लावीपर्यंत पेच सोडायचा नाही. लढत मी थांबवतो, तुम्ही नाही." मी मान हलवली. कळलं होतं मला. डोक्याला कळलं होतं.

पहिल्या फेरीत मी फक्त मार खाल्ला. अंगावर डगला नाही, धरायला बाही नाही, घामानं माणूस निसटतोय. दुसऱ्या फेरीत रघू बेसावध पुढे आला, मी त्याच्या काखेत हात घातला, कंबर वळवली आणि तो माझ्या पाठीवरून गेला. आता कबुलीच द्यायची तर पूर्ण देतो. खाली आपटताना मी त्याचा हात वर खेचून धरला. डोकं आपटू नये म्हणून! बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो काका, आपटा की! झोपवताय काय त्याला?"

पण मी तोवर त्याचा हात दोन्ही मांड्यांत पकडला होता. कोपर उलटं फिरू लागलं. असा पेच बसला की सुटका नाही. आणि माझ्या मांडीवर रघूचा पंजा पडला. एकदा, दोनदा.

मी सोडला.

रेफ्री पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसत होती फक्त माझी पाठ. त्यांनी हात लावला नव्हता. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही हो! आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी उठून उभा राहिलो, आणि जिंकल्यावर ज्युदोच्या रिवाजानं वीस वर्षं करत आलो तसा, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून रघूला वाकून नमस्कार केला.

खाली गेलेल्या माझ्या नाकावर रघूचा गुडघा आला.

डोळे उघडले तेव्हा "प्रसाद आणि स्नेहल" मला दोनदा दिसत होते आणि रेफ्री रघूचा हात वर धरून उभे होते. मी ओरडलो, "त्यानं टॅप केला होता!" रेफ्री म्हणाले, "मी पाहिला नाही." मी रघूकडे पाहिलं. तो मान खाली घालून ग्लोव्ह्जची पट्टी सोडत होता. जिंकलेली लढत माणूस का सोडून देईल, हे लॉन्सवरच्या एकाही माणसाला कळेना. त्यांनी सोपा अर्थ काढला. बाहेर पडताना पालकांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हीसुद्धा ठरवूनच होती वाटतं." दुसरा म्हणाला, "जपानी होते तेव्हा अ‍ॅक्टिंग बरी करायचे."

नाकाचं हाड महिन्यात जुळलं. ते वाक्य मात्र आत रुतून बसलं. या लोकांसमोर एकच लढत ठरवून केली नव्हती, नेमकी तीच लोकांनी खोटी ठरवली. वर्गात चार मुलं उरली. रात्री मी मनातल्या मनात तो पेच पुन्हा लावायचो, रेफ्री येईपर्यंत धरून ठेवायचो, रघूचं कोपर मोडायचो. सकाळी उठून मुलांना शिकवायचो, "टॅप झाला की सोडायचं." तोंडानं शिकवत होतो, मनात विष होतं. सरांनी मला घडवलं की बिघडवलं, हेच कळेनासं झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, मी हॉलमध्ये शिरलो तर शोभा झाडू उलटा धरून दारात उभी. समोर रघू. शेजारी दोन वेण्या घातलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी.

"वळखं का सर?" रघूनं अहिराणीत विचारलं.

"नाकानं ओळखलं," मी म्हटलं. "काय काम आहे?"

"हाई मनी पोर शे. राणी." मग तो जरा सावरून बोलू लागला. "आता नाशिकलाच राहतो, मार्केटला गाडी लावतो. हिला तुमच्याकडं घालायची आहे."

"समोर कराटे आहे. कौलं फोडतात. तिकडे जा."

"जाऊन आलो." तो जागचा हलला नाही. "सर, मी टॅप केलं तेव्हा रेफ्री बघत नव्हता. कोणीच बघत नव्हतं. तुम्ही धरून ठेवलं असतं, हात मोडला असता, तरी तुम्हाला कोणी बोललं नसतं. तुम्ही सोडलं. पोरीची जात आहे सर. मला तिच्यासाठी असा माणूस पाहिजे."

"मग हे त्या दिवशी बोलताना तुझ्या तोंडात बोळा होता का रे?" मी एवढ्या जोरात ओरडलो की मॅटवरची चारही मुलं उभी राहिली.

रघू म्हणाला, "जिंकत होतो ना सर."

आता अशा माणसाला मारावं की चहा पाजावा? शोभानं झाडू खाली ठेवला, पण हातातून सोडला नाही. मागच्या खुर्च्यांवर दोन आया आणि एक आजोबा बसले होते. आजोबा लॉन्सवर होते, मला चांगलं आठवत होतं. ते पेपरात तोंड घालून कोडं सोडवत होते.

मी रघूला डगला दिला. "घाल. पोरीला पहिला धडा तुझ्यावरच देतो." राणीला समोर बसवलं. "बघ बाळा, मी पप्पांचा हात धरलाय. दुखायला लागलं की ते दोनदा आपटतील. मग काय करायचं?"

"सोडायचं," राणी म्हणाली.

रघूनं टॅप केला. मी सोडला. पुन्हा धरला आणि म्हटलं, "जोरात मार. मागच्या खुर्चीवर ऐकू गेलं नाही." त्यानं मॅटवर असा पंजा आपटला की आजोबांचं पेन खाली पडलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, हा तो लॉन्सवरचाच ना? म्हणजे त्या दिवशी यानं खरंच…?"

खोटं कशाला सांगू? तेव्हा, सरांच्या त्या दोन तासांनंतर जन्मात केलं नव्हतं, ते मी केलं. मी हात सोडला नाही. "सांग," मी रघूच्या कानाशी म्हटलं, "सांग आजोबांना." कोपर थोडं आणखी फिरवलं. रघूनं मॅटवर आपटलं, एकदा, दोनदा. "सांगतो सर, सांगतो…" मला अजून हवं होतं. दोन्ही आयांनी मान वर करेपर्यंत हवं होतं.

माझ्या खांद्यावर एक छोटा हात पडला.

"सर, सोडा. पप्पांनी दोनदा केलं," राणी म्हणाली. "मी पाहिलं."